काटा चारावर होता

कऱ्हाड-पाटण भागात ज्याच्या दारात ट्रक, त्याच्या घरात झोप कमी. डिझेल, टायर आणि हप्ता या तीन काळज्या ट्रकबरोबरच घरात येतात आणि गाडी विकली तरी काही दिवस उंबऱ्यावर बसून राहतात. पूर्वी या तीनच होत्या. २००० सालच्या आसपास धुराचे नवे नियम आले, नव्या गाड्यांची इंजिनं बदलली आणि आमच्याकडच्या ट्रकवाल्यांना चौथी काळजी लागली. तिचं नाव टर्बो.

वस्तू म्हणाल तर सोललेल्या नारळापेक्षा थोडी मोठी. गोगलगाईच्या शंखासारखी दोन घरं पाठीला पाठ लावून जोडलेली. एका घरात इंजिनाचा तापलेला धूर घुसतो, तिथलं चक्र फिरवतो आणि मग सायलेन्सरला जातो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं. ते बाहेरची हवा ओढतं आणि दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त जळतं आणि तेवढ्याच इंजिनातून ताकद जास्त निघते. वाया जाणाऱ्या धुराला कामाला जुंपायची ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या इंजिनिअरनं १९०५ साली पेटंट केली होती. कुंभार्ली घाटात आमच्या दारच्या गाडीपर्यंत पोचायला तिला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

आमची गाडी सहा चाकी. आबांनी ती पतसंस्थेचं कर्ज काढून घेतली होती. जाताना कारखान्याची साखर घेऊन चिपळूणला उतरायचं आणि येताना तिकडचा चिरा भरून घाट चढायचा, असा तिचा शिरस्ता. गाडीवर तात्या होते. सख्ख्या नात्यातले नव्हेत, शेजारच्या वाडीतले. पण आमच्या घरात त्यांना नावानं कुणी हाक मारली नाही. पंचवीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेला माणूस. बोलणं कमी, तंबाखू जास्त.

पोफळीपासून घाट चढायला लागलं की नऊ-दहा टन चिरा घेऊन गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत वर येते. घाटमाथ्यावर चहाच्या टपऱ्या आहेत. सगळ्या गाड्या तिथं थांबतात. बाकीचे ड्रायव्हर गाडी बाजूला घेतली की लगेच इंजिन बंद करून उतरायचे. तात्या मात्र इंजिन तसंच हळू चालू ठेवायचे, टायरवर हात मारून बघायचे, क्लीनरला चहा सांगायला पाठवायचे, आणि चहा आला की मग स्टॉपची वायर ओढायचे. चार-पाच मिनिटं तरी गाडी उभ्या जागी गुरगुरत असायची.

आबा एकदा गाडीबरोबर गेले आणि त्यांनी हे पाहिलं. कर्जाचं डोक्यावर असलेला माणूस, त्याला उभ्या गाडीचा आवाज म्हणजे पैसे जळण्याचा आवाज.

“तात्या, डिझेल काय कोयनेतनं येतं व्हय? गाडी हुबी राहिली की बंद झाली पायजे.”

“टर्बो तापलेला असतो आबा. जरा निवू द्यावा.”

“वारा हाय की घाटात. निवंल आपसूक.”

तात्यांनी वाद घातला नाही. मालकानं सांगितलं, त्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून घाटमाथ्यावर आमचीही गाडी इतरांसारखी झटक्यात बंद व्हायला लागली.

पुढचं सांगायचं तर आधी तेलाचं सांगावं लागेल. इंजिन मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे मारतं. टर्बोचा दांडा मारतो लाखभर. एवढ्या वेगाला तो दांडा लोखंडाला टेकला तर संपलाच. म्हणून तो बुशात तेलावर तरंगत ठेवलेला असतो. दांडा आणि बुश यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची, आणि त्या फटीत तेलाचा पडदा. हे तेल टर्बोचं स्वतःचं नाही. इंजिनाचा ऑइल पंप चेंबरमधलं तेल उचलतो, फिल्टरमधून मेन गॅलरीत ढकलतो, आणि तिथून पेन्सिलीएवढ्या जाड नळीनं त्यातलं थोडं टर्बोला जातं. तिथं ते दोन कामं करतं. दांडा तरंगत ठेवतं आणि धुराच्या बाजूची उष्णता वाहून नेतं. नंतर खालच्या जाड नळीनं आपल्या वजनानं परत चेंबरमध्ये पडतं.

आता घाट चढून आल्यावर इंजिन झटक्यात बंद केलं तर काय होतं बघा. पंप थांबला, तेल थांबलं. दांडा मात्र अजून फिरतोय. धुराचं घर लालबुंद तापलेलं आहे, त्याची उष्णता आता मधल्या भागात शिरते. तिथं अडकून राहिलेलं तेल जागच्या जागी करपतं. तव्याच्या कडेला तेलाची काळी कीट धरते ना, तशी कीट नळीत आणि बुशाच्या भोकांत धरते. एका दिवसात काही दिसत नाही. एकेक थर चढत जातो आणि पेन्सिलीएवढ्या नळीतली वाट सुईएवढी होते.

२००४ सालच्या हंगामात, डिसेंबरात, आमचा टर्बो गेला. हेळवाकच्या पुढं गाडीची शिट्टी एकदम किंकाळीसारखी झाली, मागं पांढरा-निळा धूर, आणि ताकद गायब. गाडी ओढून आणावी लागली. रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्यानं टर्बो उघडून दाखवला. दांडा हातानं डगडग हलत होता, बुश जळून निळा पडला होता.

“तेल न्हाई मिळालं ह्याला,” गॅरेजवाला म्हणाला. “ड्रायव्हरनं तेल बघितलं नसंल.”

हे एक वाक्य आमच्या घरात विस्तवासारखं पडलं. तेल मिळालं नाही म्हणजे तेल नव्हतं, आणि नव्हतं म्हणजे कुणीतरी काढलं असणार, असा आबांचा हिशेब झाला. ट्रकच्या धंद्यात ड्रायव्हरवर तेल विकल्याचा संशय नवा नाही. नव्या टर्बोला तीन हप्त्यांचे पैसे गेले होते. आबांनी अंगणात, चार माणसांदेखत, तात्यांना विचारलं.

“डबा कितीला विकला?”

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दांडी काढून बगा आबा. तेल खुणंला हाय. काटा बी चारावर होता शेवटपतूर.”

काटा म्हणजे केबिनमधला ऑइल प्रेशरचा काटा. आमच्याकडं प्रेशर किलोत सांगतात. चार किलो म्हणजे उत्तम. आबांनी दांडी बघितली नाही. त्या महिन्याचा अर्धा पगार तोडला. तात्यांनी गाडीची किल्ली खिडकीच्या फळीवर ठेवली, चपला घातल्या आणि गेले. मी तेव्हा बारावी होऊन घरीच होतो. त्यांच्या मागं वेशीपर्यंत गेलो. ते एवढंच म्हणाले, “तू जा घरी. आईला सांग, दुधाचा हिशेब राहिलाय, पोराला पाठवतो.”

नवा टर्बो बसला, नवा ड्रायव्हर आला. आबा रोज सकाळी स्वतः तेलाची दांडी काढून बघायचे. तेराव्या दिवशी, पाटणच्या अलीकडं, नवा टर्बोही गेला. तेल खुणेला होतं. काटा चारावर होता.

त्या रात्री आबा जेवले नाहीत. पैशाचं दुःख होतंच, पण दुसरंही काही होतं. तेल आबांनी स्वतः बघितलेलं होतं, मग आता संशय कुणावर घ्यायचा?

तेव्हा कुणीतरी मलकापूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव सुचवलं. हा माणूस बोरवेलच्या गाड्यांचे कॉम्प्रेसर दुरुस्त करायचा. बोरच्या गाडीचं इंजिन तासन्‌तास एका जागी पूर्ण ताकदीनं चालतं, त्यामुळं टर्बोचे सगळे नखरे त्यानं पाहिलेले. त्यानं मोडलेल्या टर्बोकडं एकदा पाहिलं आणि बाजूला ठेवला.

“हे मड्याचं तोंड बगून काय व्हणार? मारलं कुणी ते बगू.”

त्यानं आधी आबांना विचारलं, “टर्बो बदलला तवा तेलाची नळी बदलली का?”

“न्हाई. नळीला काय झालंय? वरनं चकचकीत हाय.”

“बरं. काटा कुटं बसवलाय?”

“केबिनमदी.”

“आवं, काटा दिसतो केबिनमदी. मोजतो कुठलं? मेन गॅलरीतलं. गावच्या टाकीत पाणी भरलंय म्हणून तुमच्या नळाला यील असं हाय का? मधला पाइप चोंदला तर टाकी भरलेलीच दिसंल.”

मला हे ऐकून अंगावर काटा आला. आमच्या वाडीत नेमकं हेच व्हायचं. टाकी भरलेली, आणि शेवटच्या घरांच्या घागरी कोरड्या.

त्यानं एक जुना टर्बो तात्पुरता चढवला. बसवण्याआधी त्याच्या तोंडात स्वच्छ तेल ओतलं आणि चक्र बोटानं फिरवलं. नळी जिथं टर्बोला मिळते तिथं त्यानं टी जोडला आणि टीला एक गोल मीटर लावला. मग मला स्टॉपची वायर ओढून धरायला सांगितलं आणि डिझेल बंद ठेवून नुसता स्टार्टर मारला, थांबला, पुन्हा मारला. “पयलं तेल येऊ द्यायचं, मग गाडी चालू,” म्हणाला. “नवा टर्बो कोरडा फिरवला की पयल्या मिनिटालाच निम्मा मेला.”

केबिनचा काटा उठला. टीवरचा मीटर हलला नाही. त्यानं पाच-सहा वेळा स्टार्टर मारल्यावर मीटर कसाबसा जागचा सुटला. मग गाडी चालू केली, ॲक्सिलरेटरला हात न लावता इंजिन गरम होऊ दिलं आणि क्षणभर रेस वाढवून पाहिली. केबिनमध्ये चार किलो. टीवर पाऊण किलो. रेस सोडली. केबिनमध्ये दीड. टीवरचा काटा जवळजवळ शून्यावर झोपलेला.

त्यानं लगेच गाडी बंद केली. “गरम इंजिन हळू चालू असताना टर्बोपाशी पाऊण-एक किलो तरी पायजे, आन लोडवर दोनच्या वर. तुमचा टर्बो उपाशी नाचत हुता.”

आबा मीटरकडं बघत राहिले. मग मिस्त्रीनं नळी काढली. इंजिनाच्या टोकाला बँजो बोल्ट असतो, म्हणजे पोटात भोक असलेला बोल्ट. तेल त्याच्या आडव्या भोकातून नळीत जातं. त्या भोकात लाल रबरासारखा गोळा बसला होता. गॅसकेटचं सोल्युशन. कुणीतरी तांब्याचे वायसर बदलायच्या ऐवजी गळती थांबवायला सोल्युशन फासलं होतं, बोल्ट आवळताना ते आत पिळलं गेलं आणि वाळून बसलं. नळीचं जे टोक धुराच्या पाइपाजवळून जात होतं, त्यात मिस्त्रीनं सायकलची तार घातली. तार चार बोटं गेली आणि अडली. त्यानं नळी हातकरवतीनं कापली आणि आबांच्या हातात दिली. आत करपलेल्या तेलाची काळी कीट होती. नखानंही निघत नव्हती.

“ही कीट कशानं धरती?” आबांनी विचारलं.

“गरम गाडी झटक्यात बंद केली की. घाट चढून आल्यावर तीन ते पाच मिनिटं हळू चालू ठेवायची असती. तुमच्या ड्रायव्हरला ठावं नव्हतं का?”

आबा काही बोलले नाहीत. कापलेली नळी त्यांनी रुमालात गुंडाळली.

वायसरांची गोष्टही नंतर उलगडली. दिवाळीच्या आधी तात्यांनी नळीपाशी तेल पाझरतंय म्हणून नवे वायसर मागितले होते. चहाच्या पैशात येणारी वस्तू. हंगाम तोंडावर होता, आबांनी “सध्या काम भागवा” म्हणून सांगितलं होतं, आणि वाटेतल्या गॅरेजात ते सोल्युशननं भागवलं गेलं.

नवी नळी, नवा बँजो, तांब्याचे नवे वायसर, नवं तेल, नवा फिल्टर. पुन्हा मीटर लावला. लोडवर साडेतीन किलो, गरम होऊन हळू चालताना एकाच्या वर. मिस्त्रीनं खालची परतीची नळी सोडून पत्र्याच्या डब्यात धार धरली. फेसाळ, गरम, सलग धार. “हे बगा, आता जेवतोय,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आबा तात्यांच्या वाडीला गेले. मला बरोबर घेतलं. तोडलेला पगार पाकिटात होता आणि रुमालात ती कापलेली नळी. तात्या गोठ्यात होते. आबांनी माफीचे शब्द उच्चारले असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पिढीतल्या माणसांना ते जमायचं नाही. त्यांनी रुमाल सोडला आणि नळी तात्यांपुढं धरली.

तात्यांनी नळी उजेडाकडं करून एका डोळ्यानं बघितली. “चोंदलीया,” म्हणाले.

“व्हय. तेल तुमी काढलं नव्हतं.”

“ते मला ठावं हुतं, आबा. तुमाला ठावं नव्हतं.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. तात्यांच्या मालकिणीनं चहा आणला. पाकीट तात्यांनी लगेच घेतलं नाही. म्हणाले, “मी येतो. पण दोन गोष्टी. गाडी हुबी केल्यावर पाच मिनिटं मला कुणी काय बोलायचं न्हाई. आन जे बोलायचं ते चार माणसांत बोलला, तर हे बी चार माणसांत सांगा.”

आबांनी ते केलं. त्याच अंगणात, बहुतेक त्याच माणसांसमोर. माझ्या माहितीत आयुष्यात त्यांनी एवढं अवघड काम दुसरं केलं नाही. कर्ज फेडणं त्यापुढं सोपं होतं.

मी त्यानंतर त्या मिस्त्रीच्या हाताखाली चार वर्षं काढली. तिथं कळलं की तेल कमी पडलं तरच टर्बो त्रास देतो असं नाही. पुढच्याच पावसाळ्यात आमच्या गाडीनं निळा धूर टाकायला सुरुवात केली. गावातले जाणकार म्हणाले, टर्बोचं सील गेलं, बदला. टर्बोला रबरी सील नसतंच. पिस्टनच्या रिंगसारखी बारीक लोखंडी रिंग असते, आणि तेल आत अडून राहिलं नाही तरच ती तेल रोखते. वर येणारं तेल दाबानं येतं, पण जाणारं नुसतं पडतं. त्याच्या मागं कुणी ढकलणारा नसतो. परतीची नळी दबली, वाकली, किंवा इंजिनाचा ब्रीदर चोंदून चेंबरमध्येच हवेचा दाब वाढला, तर तेल मधल्या घरात तुंबतं आणि रिंगेवरून दोन्हीकडं पाझरतं. हवेचा फिल्टर मातीनं भरला असला तरी टर्बो हवेच्या बाजूनं तेल ओढून घेतो. आणि कुणी प्रेशर वाढावं म्हणून पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हखाली वायसर घालून स्प्रिंग कडक केली, तर चांगला टर्बोही तेल ओकतो. कमी दाबानं मरतो, जास्त दाबानं रडतो.

त्या वेळी आबांनी जाणकारांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मोजलं का?” कुणी मोजलं नव्हतं. मिस्त्रीनं मीटर लावला. दाब बरोबर होता. मग खाली वाकून बघितलं, तर परतीच्या वाटेवरचा रबरी होज उष्णतेनं मऊ होऊन मध्येच चपटा झाला होता. होज बदलला, धूर गेला. टर्बोला हात लावावा लागला नाही. तात्या बाजूला उभे राहून तंबाखू मळत होते, काही बोलले नाहीत. आबांनीच त्यांच्याकडं बघून मान हलवली.

आता आमच्या भागात ऊस ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून जातो, आणि त्या ट्रॅक्टरांनाही टर्बो आले आहेत. कोवळी पोरं चालवतात. डिसेंबरात पहाटे कोयनेच्या काठाला दव आणि गारठा असतो, तेल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं, आणि पोरं सेल्फ मारल्याबरोबर ॲक्सिलरेटर दाबतात. काटा लगेच वर जातो, त्यामुळं त्यांना वाटतं तेल पोचलं. घट्ट तेलाचा दाब जास्तच दिसतो. ते पुढं सरकलं असेलच असं नाही. मी सांगतो, अर्धा मिनिट हळू चालू दे. संध्याकाळी काट्यावर वजन करून रांगेत गाडी लावली की बिडी पेटवायला उतर, बिडी संपल्यावर बंद कर.

माझ्या पेटीत मिस्त्रीचा तो मीटर आणि टी अजून आहे. काच तडकली आहे, काटा चालतो. एखादा मालक गाडी घेऊन येतो आणि आल्या आल्या ड्रायव्हरच्या नावानं ओरडायला लागतो, तेव्हा मी आधी ड्रायव्हरला बसायला स्टूल देतो, मालकाला चहा सांगतो आणि नळी सोडायला घेतो.